स्पीकरास साजेसा अँप्लिफायर

घरीं बसून संगीत ऐकण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. एके काळीं ग्रामोफोन गांवांतल्या एकदोन घरींच असे, आणि संध्याकाळीं शेजारपाजारचीं माणसें ओसरीवर येऊन बसत. पुढें रेडिओ आला, टेप आली, रुपेरी सीडी आली. आतां तर खिशांतल्या फोनमधून वाटेल तें गाणें वाटेल त्या वेळीं काढतां येतें. साधनें विपुल झालीं. परंतु गाणें चांगलें ऐकूं येणें ही गोष्ट अजूनही वेगळीच राहिली आहे. ज्यांस ती साधावयाची असते ते दोन स्पीकर आणि त्यांना चालविणारा एक अँप्लिफायर घरीं आणतात. स्पीकर बहुधा पारखून घेतले जातात, कारण ते दिवाणखान्यांत डोळ्यांसमोर राहावयाचे असतात. अँप्लिफायर मात्र खोक्यावर छापलेल्या आंकड्यावरून घेतला जातो. ज्याचा आंकडा मोठा तो चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा, आणि आपल्या स्पीकरास साजेसा अँप्लिफायर ओळखावा कसा, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय विज्ञानाचा असला तरी वाचकांनीं बिचकूं नये. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढी शिदोरी पुरे आहे.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. आमचे तीर्थरूप नोकरींतून निवृत्त झाले तेव्हां त्यांनीं स्वतःसाठीं म्हणून एकच वस्तु घेतली. ती म्हणजे लहान पेटीच्या चांगल्या स्पीकरांची एक जोडी. अँप्लिफायर आणण्याचें काम त्यांनीं आमच्यावर सोपविलें. बाजारांतील एका दुकानीं खोक्यावर एक हजार वॅटांचा आंकडा ठळक अक्षरांत पाहिला, किंमतही बेताची वाटली, आणि आम्ही मोठ्या अभिमानानें तो घेऊन घरीं आलों. नेहमींच्या हळू आवाजांत कांहीं बिघडलें नाहीं. दिवाळीच्या पहाटे शेजारचीं मंडळी फराळास जमलीं. कोणी तरी म्हणालें, "जरा मोठ्यानें लावा कीं!" आम्हीं बटण फिरवीत नेलें. आवाज मोठा झाला, तसा कर्कशही झाला. आम्हांस वाटलें, हाच तो हजार वॅटांचा जोर.

त्यानंतर दोन महिने एक गोष्ट आमच्या ध्यानीं येत राहिली. तीर्थरूप गाणें लावीत, आणि पांचदहा मिनिटांत बंद करून उठत. एकदां विचारलें तेव्हां म्हणाले, "अरे, तंबोरा लांब गेल्यासारखा वाटतो. झणकार कानांत भरत नाहीं. वय झालें, दुसरें काय!" त्यांचे कान मंद होत चालले असें त्यांनीं मनाशीं ठरवून टाकलें होतें, आणि आम्हीही त्यांस डॉक्टरांकडे नेण्याच्या गोष्टी बोलूं लागलों होतों. इतक्यांत ह्या विषयांतले जाणते असे एक स्नेही घरीं आले. त्यांनीं स्पीकराच्या वरच्या बाजूस कान लावला आणि सांगितलें कीं दोन्हीं पेट्यांतले ट्वीटर जळालेले आहेत. तीर्थरूपांचे कान शाबूत होते. दोष आमच्या खरेदीचा होता. हा दोष नेमका कोठें होता तें समजून घेण्यासाठीं आम्हांस जें शिकावें लागलें, तेंच पुढें मांडीत आहों.

प्रथम ह्या यंत्राचें काम काय तें पाहूं. सीडीच्या यंत्रांतून जो विद्युत्‌संदेश बाहेर येतो त्याचा दाब फार तर दोन व्होल्टांच्या आसपास असतो. तबकडीच्या सुईंतून निघणारा संदेश तर अवघा कांहीं हजारांश व्होल्ट. एवढ्यानें स्पीकर हलत नाहीं. स्पीकराच्या आंत लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें आणि तें कागदाच्या अथवा तत्सम पदार्थाच्या शंकूला जोडलेलें असतें. वेटोळ्यांतून प्रवाह मागेंपुढें वाहूं लागला म्हणजे शंकूही मागेंपुढें हलतो, हवा ढकलतो, आणि आपणांस ध्वनि ऐकूं येतो. अमेरिकेंतील राइस आणि केलॉग ह्या दोघां संशोधकांनीं १९२५ सालीं अशा स्पीकराचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज घरोघरीं असलेले बहुतेक स्पीकर त्याच कुळांतले आहेत. मोठ्या शंकूस वूफर म्हणतात. तो खर्ज सांभाळतो. उंच स्वरांसाठीं जो लहानसा, बोटभर रुंदीचा पडदा असतो तो ट्वीटर. अँप्लिफायरचीं कामें दोन. संदेश निवडणें व त्याचा आवाज कमीजास्त करणें हें एक. आणि त्यास स्पीकर हलविण्याइतकी शक्ति देणें हें दुसरें. हीं दोन्हीं कामें एकाच पेटींत करणारें जें यंत्र त्यास इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणतात. घरगुती उपयोगास हाच सोयीचा, कारण जागा थोडी लागते आणि दोन यंत्रांची आपसांत जुळणी करण्याची यातायात वांचते.

आतां वॅटांच्या आंकड्याकडे वळूं. वॅट हें शक्तीचें माप. परंतु आपला कान वॅट मोजीत नाहीं. एक वॅटाचे दोन वॅट केले तर आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटत नाहीं; थोडासा वाढला एवढेंच कळतें. आवाज दुप्पट मोठा वाटावा असें असेल तर शक्ति सुमारें दसपट करावी लागते. कानाच्या ह्या स्वभावास धरून ध्वनीचें माप डेसिबेलमध्यें सांगतात. हें नांव टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल ह्यांच्यावरून आलेलें आहे. हिशेब सोपा आहे. शक्ति दुप्पट म्हणजे ३ डेसिबेल अधिक. शक्ति दसपट म्हणजे १० डेसिबेल अधिक. आणि वीसपट म्हणजे दसपटीची दुप्पट, अर्थात् १० आणि ३ मिळून १३ डेसिबेल. हें एकदां ध्यानांत आलें कीं पन्नास वॅट आणि शंभर वॅट ह्यांतला भेद किती लहान आहे तें उमजतें. किमतींत पुष्कळ अंतर पडतें, पण कानांस पडणारें अंतर अवघें ३ डेसिबेल!

याच्या उलट, स्पीकरा-स्पीकरांत जें अंतर असतें तें फार मोठें असतें, आणि त्याकडे गिऱ्हाइकाचें लक्षच नसतें. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबेल आवाज देतो ह्यास त्याची संवेदनक्षमता म्हणतात. दोन नामांकित उदाहरणें घेऊं. इंग्लंडांतील बी. बी. सी.च्या अभियंत्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ध्वनिप्रक्षेपणाच्या मोटारींतून वापरण्यासाठीं एलएस ३/५ए नांवाचा लहानसा स्पीकर तयार केला. मनुष्याचा आवाज इतक्या सच्चेपणानें देणारे स्पीकर थोडे, अशी त्याची ख्याति आहे. परंतु त्याची संवेदनक्षमता ८२ ते ८३ डेसिबेलच आहे. दुसरा अमेरिकेंतील पॉल क्लिप्श ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध केलेला, खोलीच्या कोपऱ्यांत ठेवावयाचा, कर्ण्याच्या जातीचा क्लिप्शहॉर्न. त्याची संवेदनक्षमता शंभर डेसिबेलांच्याही वर, सुमारें १०४ पर्यंत सांगितली जाते. दोहोंत अंतर वीस डेसिबेलांहून अधिक, म्हणजे शक्तीच्या हिशेबानें शंभरपटीहून अधिक झालें. जेवढा आवाज काढण्यास पहिल्यास पन्नास वॅट लागतील तेवढाच आवाज दुसरा अर्ध्या वॅटांत देईल. मग नुसत्या वॅटांच्या आंकड्यास अर्थ काय उरला? "किती वॅट?" ह्या प्रश्नाआधीं "कोणत्या स्पीकरास?" हा प्रश्न विचारावाच लागतो.

हिशेब प्रत्यक्ष करून पाहूं. आमच्या तीर्थरूपांच्या स्पीकरांची संवेदनक्षमता कागदावर ८४ डेसिबेल होती. बसण्याची खुर्ची स्पीकरांपासून अडीच मीटरांवर. मोकळ्या मैदानांत अंतर एकाचें अडीच मीटर झालें कीं आवाज ८ डेसिबेलांनीं घटतो. पण खोलीच्या भिंती कांहीं आवाज परत देतात, म्हणून घरांत ही घट सुमारें ५ धरावी. स्पीकर दोन असल्यामुळें ३ डेसिबेल मिळवावे. ८४ मधून ५ वजा जाऊन ३ मिळविले म्हणजे ८२ झाले. तात्पर्य, प्रत्येक स्पीकरास एक वॅट दिला असतां खुर्चींत ८२ डेसिबेल आवाज पोहोंचतो, आणि शांत घरांत तोही कांहीं थोडा नव्हे. सामान्यतः आपण ७५ च्या आसपासच ऐकत असतों. म्हणजे एक वॅटही पुरा खर्च होत नाहीं!

मग अधिक वॅट कशास हवेत, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर संगीताच्या स्वभावांत आहे. संगीत सपाट वाहत नाहीं. गायक मंद्रांत रमलेला असतो, आणि तबलजी समेवर एक थाप देतो; त्या क्षणाच्या शतांश भागापुरती शक्तीची मागणी एकदम शतपट होऊं शकते. सरासरीच्या वर असे शेंडे १५ ते २० डेसिबेल सहज जातात. आपली सरासरी ७५ असेल तर शेंडा ९५ पर्यंत धरावा. एक वॅटांत ८२ मिळतात. ९५ साठीं आणखी १३ हवेत. आणि १३ डेसिबेल म्हणजे वीसपट. म्हणून वीस वॅट लागतील. थोडी शिल्लक असावी म्हणून त्याची दुप्पट, चाळीस वॅट, धरावी. हाच हिशेब ९० डेसिबेलांच्या स्पीकरास केला तर ६ डेसिबेल वांचतात, आणि चाळीसाच्या जागीं दहा वॅट पुरतात. वाचकांनीं आपल्या खोलीचें अंतर व आपल्या स्पीकराची संवेदनक्षमता घालून हें गणित एकदां कागदावर करावें. त्यास पांच मिनिटें लागतात, आणि तीं वायां जात नाहींत.

शक्तीचा विचार झाला. त्याहून नाजूक विचार रोधाचा आहे. ओहमचा नियम विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतोच: दाबास रोधानें भागलें म्हणजे प्रवाह येतो. हा नियम शोधणारे जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनींतील एक शाळामास्तरच होते. कोलोन येथील जेसुइट विद्यालय ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शाळेंत ते १८१७ पासून गणित व पदार्थविज्ञान शिकवीत, आणि तेथील प्रयोगशाळेंत केलेल्या कामावरून १८२७ सालीं त्यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पीकरावर ४, ६ किंवा ८ ओहम असा जो आंकडा लिहिलेला असतो तो प्रवाहास होणाऱ्या एकंदर अडथळ्याचा. त्यास संरोध म्हणतात. साध्या तारेचा रोध स्थिर असतो. स्पीकराचा संरोध मात्र स्वराबरोबर बदलतो. पाठीवर ८ लिहिलेला स्पीकर एखाद्या खर्जाच्या स्वरास ३० ओहमांपर्यंत चढेल आणि दुसऱ्या स्वरास ४ पर्यंत उतरेल. म्हणून पाठीवरचा आंकडा हा केवळ सामान्य अंदाज समजावा; सर्वांत कमी संरोध किती, हें माहितीपत्रकांत अवश्य पाहावें.

हें कमी होणें अँप्लिफायरास कां जड जातें? घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा दृष्टान्त घेऊं. टाकीची उंची म्हणजे दाब. नळांतून येणारें पाणी म्हणजे प्रवाह. नळ अधिक रुंद केला तर पाणीही अधिक जाऊं लागेल. परंतु टाकीस येणारा पुरवठाच अपुरा असेल तर टाकी रिकामी होईल आणि रुंद नळाचा उपयोग होणार नाहीं. आंकड्यांत सांगावयाचें तर ८ ओहमांत पन्नास वॅट देणारा अँप्लिफायर २० व्होल्ट दाब आणि अडीच अँपियर प्रवाह देत असतो. स्पीकर ४ ओहमांवर उतरला म्हणजे त्याच २० व्होल्टांस ५ अँपियर लागतात, आणि शक्ति शंभर वॅट होते. हा दुप्पट प्रवाह पुरविण्याची ताकद ट्रान्सफॉर्मरमध्यें व आंतल्या साठ्यांत असेल तर उत्तमच. नसेल तर यंत्र तापतें, दमतें, आणि आवाज बिघडतो. सबब माहितीपत्रकांत दोन आंकडे शोधावेत: ८ ओहमांत किती वॅट, आणि ४ ओहमांत किती. दुसरा आंकडा पहिल्याच्या दीडपट किंवा अधिक असेल तर यंत्र दमदार समजावें. दुसरा आंकडा दिलेलाच नसेल, अथवा ४ ओहमांचे स्पीकर जोडूं नयेत अशी सूचना असेल, तर खालीं उतरणाऱ्या स्पीकरास तो अँप्लिफायर घेऊं नये. हाच नियम एका यंत्रास दोन जोड्या जोडतांना लागू होतो. ८ ओहमांचे दोन स्पीकर समांतर जोडले कीं ते ४ ओहमांचे होतात. शाळेच्या सभागृहांत स्पीकर वाढवीत जाणाऱ्या उत्साही विद्यार्थ्यांनीं एवढें विसरूं नये.

ह्या संबंधांत १९७८ सालीं निघालेल्या एनएडी ३०२० ह्या अँप्लिफायरचें उदाहरण बोधप्रद आहे. कागदावर त्याची शक्ति अवघी वीस वॅट. किंमतही सामान्य माणसाच्या आवांक्यांतली. परंतु संरोध कमी असलेल्या अवघड स्पीकरांस प्रवाह पुरविण्याची तयारी त्याच्या रचनेंतच ठेवलेली होती. त्यामुळें कागदावर अधिक वॅट मिरविणाऱ्या कित्येक यंत्रांपेक्षां तो प्रत्यक्षांत सरस ठरला, आणि अजूनही जुने जाणकार त्याची आठवण काढतात. मोठ्या आंकड्यापेक्षां खरा आंकडा बरा, हें त्यानें दाखवून दिलें.

खोट्या आंकड्याचा प्रकार काय असतो तोही सांगितला पाहिजे, कारण आम्ही त्यांतच फसलों. अँप्लिफायरची खरी शक्ति ती, जी तो दोन्हीं बाजूंस एकाच वेळीं, सतत, आवाज न बिघडवितां देऊं शकतो. बाजारांत हिला आर. एम. एस. वॅट असें म्हणतात. अमेरिकेंत खोट्या जाहिरातींस आळा घालण्यासाठीं सरकारनें १९७४ सालीं शक्ति कशी मोजावी ह्याचा नियमच केला. आमच्या खोक्यावरील हजार वॅटांपुढें मात्र बारीक अक्षरांत पी. एम. पी. ओ. असें लिहिलेलें होतें. ह्या मापास कोणतेंही सर्वमान्य प्रमाण नाहीं. क्षणार्धाच्या कल्पित शेंड्यावरून विक्रेत्यानें काढलेला तो आंकडा असतो. आमच्या यंत्राची खरी शक्ति दर बाजूस बारा वॅटांच्या आसपास निघाली. वर केलेल्या गणितानें चाळीस हवे होते.

येथें एक शंका येते. बारा वॅटांच्या दुबळ्या यंत्रानें स्पीकर जाळला कसा? जळावयाचा तर जास्त शक्तीनें जळावा! वस्तुस्थिति अशी आहे कीं दुबळा अँप्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला म्हणजे तो ध्वनिलहरींचे शेंडे कापूं लागतो. डोंगराचा माथा तासून सपाट करावा तशी लहर वर सपाट होते. ह्यास क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लहरींत मूळ संगीतांत नसलेले अनेक उंच उपस्वर उत्पन्न होतात, आणि कर्कशपणा येतो तो त्यामुळें. शिवाय शेंडे पुढें वाढत नाहींत, पण मधला भाग मात्र बटणाबरोबर वाढत जातो, आणि सरासरी शक्ति पुष्कळ चढते. उंच स्वरांची ही सारी शक्ति ट्वीटरकडे जाते. त्याचें वेटोळें केंसासारख्या बारीक तारेचें. एरव्हीं त्याच्या वाट्यास फार थोडी शक्ति यावयाची असते. तें तापतें आणि जळतें. म्हणून स्पीकरावर "शंभर वॅट" लिहिलें आहे तेव्हां लहान अँप्लिफायरनें त्यास धोका नाहीं, ही समजूत चुकीची आहे. तो आंकडा सहनशक्तीची मर्यादा सांगतो. थोडा अधिक शक्तीचा अँप्लिफायर जपून वापरला तर तो लहान पण ओरबाडलेल्या अँप्लिफायरपेक्षां स्पीकरास सुरक्षित असतो. आवाज कर्कश होऊं लागला कीं बटण मागें घ्यावें, हा नियम मात्र दोघांनाही सारखाच.

तंबोराच आधीं कां हरपला, हेंही आतां उघड होईल. सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत आपल्या तंतुवाद्यांचा विचार केलेला आहे. तंबोऱ्याच्या घोडीची रुंद व किंचित् बांकदार घडण आणि तिच्यावरचा दोरा ह्यांच्या योगानें तारेंतून उंच उपस्वर विपुल निघतात, हें तिचें वैशिष्ट्य त्यांनीं दाखविलें. जवारी म्हणून आपण ज्यास नांवाजतों तें हेंच. ह्या उपस्वरांचा मोठा भाग ट्वीटरकडून यावयाचा. ट्वीटर गेला कीं गायकाचे शब्द, डग्ग्याची घुमक हीं बव्हंशीं राहतात, पण तंबोरा भिंतीपलीकडे गेल्यासारखा होतो. तीर्थरूपांचें निदान अक्षरशः बरोबर होतें; त्याचें कारण तेवढें त्यांनीं स्वतःकडे घेतलें.

आतां किरकोळ गोष्टी थोडक्यांत सांगतों. जोडणीची तार तांब्याची आणि पुरेशी जाड असावी. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा पांच मीटर अंतरास जाऊन येऊन रोध सुमारें ०·१२ ओहम होतो. ४ ओहमांच्या स्पीकरापुढें तो नगण्य आहे. ह्याहून महाग तारांवर पैसे घालण्याचें कारण नाहीं. व्हाल्वचा अँप्लिफायर घ्यावयाचा असेल तर त्याच्या पाठीमागें ४ व ८ ओहमांच्या जोडण्या निरनिराळ्या असतात. स्पीकरास योग्य तीच वापरावी. हल्लीं क्लास डी जातीचे अँप्लिफायर आले आहेत. ते वजनास हलके असूनही खरी शक्ति देतात, तेव्हां केवळ वजनावरून पारख करण्याची जुनी रीत सर्वत्र लागू पडत नाहीं. परदेशांतून आप्तांनीं आणलेलें यंत्र आपल्या २३० व्होल्टांवर चालतें काय तें आधीं पाहावें. अमेरिकेंतलें यंत्र १२० व्होल्टांचें असतें. तबकडी ऐकावयाची असेल तर तिच्यासाठीं वेगळी फोनो जोडणी आहे कीं नाहीं तें तपासावें. यंत्रास वरून हवा खेळूं द्यावी. शोभेचा रुमाल घालून त्यास झांकूं नये.

दुकानांत ऐकून निवड करतांना एक सावधगिरी ठेवावी. दोन यंत्रांपैकीं जें किंचित् मोठ्यानें वाजत असेल तें कानांस अधिक चांगलें वाटतें. म्हणून दोहोंचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी. आपल्या परिचयाचीं दोनतीन गाणीं बरोबर न्यावीं, आणि शक्य तर यंत्र घरीं आणून आपल्याच स्पीकरांवर ऐकावें. अँप्लिफायर उत्तम आणि स्पीकर सामान्य असे असण्यापेक्षां स्पीकर उत्तम आणि अँप्लिफायर त्यास पुरेसा असा असणें अधिक हितावह. सबब पैशांचा मोठा वांटा स्पीकरांस द्यावा.

एकंदरींत विचार करण्याचा क्रम असा ठरतो. प्रथम खोली व बसण्याचें अंतर पाहावें. मग त्या खोलीस शोभणारे स्पीकर निवडावे. त्यांची संवेदनक्षमता आणि सर्वांत कमी संरोध कागदावर लिहून काढावा. आपणांस किती मोठा आवाज लागतो ह्याचा प्रामाणिक हिशेब करावा. आणि सर्वांत शेवटीं, त्या हिशेबास उतरणारा अँप्लिफायर, ८ व ४ ओहमांचे खरे आंकडे पाहून घ्यावा. आम्हीं हा क्रम उलटा धरला, आणि त्याची शिक्षा दुसऱ्यासच भोगावी लागली.

असो. ट्वीटर नवे बसविले. जुना अँप्लिफायर काढून, दर बाजूस पन्नास वॅट खरोखर देणारा आणि ४ ओहमांस न डगमगणारा असा एक साधाच अँप्लिफायर आणला. त्याच्या खोक्यावरचा आंकडा पहिल्याच्या विसाव्या हिश्श्याचा होता. त्या संध्याकाळीं तीर्थरूपांनीं आपली नेहमींची यमन लावली. नेहमींचा हळू आवाज. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. ते उठले नाहींत. गाणें संपल्यावर आमच्याकडे न पाहतांच म्हणाले, "तंबोरा परत आला." डॉक्टरांकडे जाण्याची गोष्ट त्यानंतर आमच्या घरीं निघाली नाहीं.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढीच विनंति आहे कीं, पदार्थविज्ञानाच्या तासास शिकलेला नियम परीक्षेपुरता ठेवूं नये. घरांत कांहीं वस्तु आणावयाची असेल तेव्हां वडील माणसें बहुधा तुम्हांसच पुढें करतात. त्या वेळीं खोक्यावरचा आंकडा वाचण्याआधीं वही काढून दोन ओळींचें गणित करावें. त्यांत पैसे वांचतील हें तर खरेंच. परंतु कोणा वडिलांस आपल्या कानांविषयीं उगीच शंका घ्यावी लागणार नाहीं, हा लाभ आम्ही त्याहून मोठा समजतों.